स्विच वर येईपर्यंत

रिलोड मारला की पहिली पाच मिनिटं कोणी कोणाशी बोलत नाही. शनिवारची रात्र, दीड वाजलेला, हिंजवडीतल्या एखाद्या इमारतीचा तिसरा मजला. सर्व्हर रूममध्ये एसी घोंघावतोय. मांडी घालून जमिनीवर बसलेल्या इंजिनिअरच्या लॅपटॉपमधून निघालेली चपटी निळी केबल रॅकमधल्या स्विचच्या पाठीमागे गेलेली. पडद्याच्या कोपऱ्यात पिंग लावून ठेवलंय आणि दर काही सेकंदांनी तीच ओळ खाली सरकतेय : रिक्वेस्ट टाइम्ड आउट. तेवढ्यात दारात वॉचमन येऊन उभा राहतो.

‘साहेब, खालचे सगळे कॅमेरे बंद पडले.’

‘येतील मामा, दहा मिनिटांत.’

कॅमेऱ्यांना वीज याच स्विचमधून जाते, वॉचमनच्या टेबलावरच्या फोनलाही. स्विचचं ऑपरेटिंग सॉफ्टवेअर बदलायचं म्हणजे तो बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि तो वर येईपर्यंत मजला मुका. कंपन्यांच्या जगात हे काम नित्याचं आहे. त्याचे रिवाजही ठरलेले : वेळ मध्यरात्रीचीच, जुनी इमेज, म्हणजे सॉफ्टवेअरची फाइल, पुसायची नाही, नवी आली तरी ती तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, निळी केबल लावल्याशिवाय रिलोड मारायचा नाही. नव्या पोराला सीनियर हे सगळं शिकवतो आणि पोराने कारण विचारलं तर ‘असंच करतात’ म्हणून मोकळा होतो. कारणं आहेत. फक्त ती जुनी आहेत, आणि ज्या यंत्रांमुळे हे रिवाज पडले त्यातली बरीचशी कधीच भंगारात गेली आहेत.

माग काढत गेलं की तो अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या सकासुना नावाच्या लहानशा गावापर्यंत जातो. ३० मे १९६५ रोजी बेल कंपनीने तिथे १-ईएसएस हे टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं. तोवर एक्स्चेंज म्हणजे खटखटणारं लोखंड होतं. कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्राउजर या गृहस्थाने १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या स्वयंचलित स्विचची पिलावळ जगभर पसरली होती. त्यात बदल करायचा म्हणजे तारा उकलायच्या, नव्या जोडायच्या आणि स्क्रू पिळायचे. सकासुनाच्या यंत्रात मात्र कॉल कसा जोडायचा हे तारांमध्ये नव्हतं. ते लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये होतं. स्विचला सॉफ्टवेअर आलं आणि त्याबरोबर ते बदलायचं कसं, हा प्रश्नही आला.

प्रोग्रॅम ठेवला होता पत्र्यांवर. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, प्रत्येकावर अडीच हजारांहून जास्त बारीक चुंबकं चिकटवलेली. चुंबक भारलेलं की न भारलेलं, यावरून शून्य की एक ते ठरायचं. चालू एक्स्चेंजला हे पत्रे फक्त वाचता येत, त्यांच्यावर लिहिता येत नसे, आणि हे मुद्दाम केलेलं होतं. वीज गेली किंवा प्रोग्रॅम भरकटला तरी त्याने स्वतःच्याच मेंदूवर रेघोट्या ओढू नयेत, अशी ती सोय. साठवणीच्या एका कपाटात ४४ बिटांचे १,३१,०७२ शब्द मावत. आजच्या मापाने एक मेगाबाइटही नाही. मग नवा प्रोग्रॅम टाकायचा कसा? पत्रे गठ्ठ्याने बाहेर काढायचे, लिहिण्याच्या वेगळ्या यंत्रात घालून पुन्हा भारायचे आणि परत जागी बसवायचे. अपग्रेड अक्षरशः दोन हातांनी उचलून नेता येत असे.

इथे एक गंमत आहे. कोणी नवा फोन घेतला, कोणाचा नंबर बदलला, तर तेवढ्यासाठी पत्रे काढणं परवडणारं नव्हतं. म्हणून अशा नोंदी आधी पुसता येणाऱ्या मेमरीत राहत आणि सवडीने पत्र्यांवर चढत. आजच्या स्विचमध्ये चालू सेटिंग वेगळं असतं आणि जपून ठेवलेलं वेगळं. ‘राइट मेमरी’ मारायला विसरून रिलोड देणारा आणि आठवड्याभराचं काम घालवून बसणारा एक तरी माणूस प्रत्येक टीममध्ये सापडतो. त्या विभागणीचं इतकं जुनं भावंड सकासुनाला बसलेलं आहे हे त्याच्या गावीही नसतं.

बेलच्या इंजिनिअरांनी स्वतःला घालून घेतलेली अट आजही छाती दडपवणारी आहे : चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त बंद नको. त्यासाठी त्यांनी मेंदू जोडीने बसवले. दोन्ही एकच काम एकाच वेळी करायचे आणि उत्तरं जुळतात का ते सतत पडताळायचे. एकात बिघाड झाला तर त्याला बाजूला काढायचं, गाडा दुसऱ्याने ओढायचा. आज बँकेच्या डेटा सेंटरमध्ये मोठ्या स्विचच्या सांगाड्यात दोन सुपरवायझर कार्ड दिसतात, किंवा सारखेच दोन स्विच शेजारी शेजारी. घराणं तेच.

जोडीच्या या भरवशाला मोठा तडा गेला १५ जानेवारी १९९० रोजी.

एटी अँड टीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यात तेव्हा ४-ईएसएस जातीची ११४ एक्स्चेंजं होती आणि महिन्याभरापूर्वीच त्यांच्यावर नवं सॉफ्टवेअर चढलं होतं. हेतू चांगला होता. एखादं एक्स्चेंज बिघाडातून सावरून परत आलं की शेजाऱ्यांना ते लवकर कळावं आणि संदेशांची देवाणघेवाण वेगाने व्हावी. त्या सोमवारी दुपारी न्यूयॉर्कमधलं एक एक्स्चेंज किरकोळ कुरबुरीमुळे काही सेकंद बाजूला झालं आणि नेहमीप्रमाणे परत आलं. परत येताच त्याने साठलेले कॉल भराभर पुढे ढकलायला सुरुवात केली. शेजारचं एक्स्चेंज ‘हा परत आला’ अशी नोंद करत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, दुसरा संदेश येऊन आदळला. सी भाषेतल्या त्या प्रोग्रॅममध्ये एक ‘ब्रेक’ भलत्या जागी पडला होता. नोंद बिघडली. शेजाऱ्याने स्वतःला सावरायला काही सेकंद रजा घेतली, परत आला, आणि परत येताना त्याच्या शेजाऱ्यांना तोच प्रसाद दिला. पहिला मेंदू पडल्यावर दुसऱ्याने सूत्रं हाती घ्यावीत तर दुसऱ्याच्या डोक्यातही तोच प्रोग्रॅम, तीच चूक. जुळ्या भावांना एकच रोग झाला तर कोणी कोणाची सेवा करायची? साथ नऊ तास चालली. त्या वेळात निम्म्याच्या आसपास कॉल लागलेच नाहीत. सुरुवातीला अनेकांना हॅकरांचा संशय आला. शेवटी संदेशांचा भार कमी केल्यावर जाळं शांत झालं.

पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस आणि पिट्सबर्ग भागातले लाखो फोन मुके झाले. त्याचं मूळ लक्षावधी ओळींच्या प्रोग्रॅममधल्या तीन ओळींच्या बदलात निघालं. एवढासा बदल, म्हणून त्याची पूर्ण चाचणी केलेली नव्हती. ‘छोटासाच पॅच आहे’ हे वाक्य ऐकलं की जुन्या नेटवर्कवाल्यांच्या कपाळावर आजही आठी पडते. कोणत्याही आवृत्तीचं पहिलं पिल्लू घ्यायचं नाही, दोन-चार दुरुस्त्या येऊन जाऊ द्यायच्या, आधी एका कोपऱ्यातल्या स्विचवर टाकून आठवडाभर बघायचं आणि मगच मुख्य स्विचला हात लावायचा, हा रिवाज या अनुभवातून आला. टेलिफोनवाल्यांचा धडा कॉम्प्युटरवाल्यांनी उचलला, तोही जरा उशिराच.

कॉम्प्युटरच्या जाळ्यातला स्विच या सगळ्यानंतर जन्मला. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये सगळे कॉम्प्युटर एकाच दोरीवरचे कपडे होते. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. १९९० च्या सुमारास सिलिकॉन व्हॅलीतल्या एका छोट्या कंपनीने सात दारांचा डबा बाजारात आणला. कोणत्या दारामागे कोण आहे हे तो लक्षात ठेवायचा आणि प्रत्येक निरोप त्याच्याच दारी टाकायचा. त्याचं नाव इथरस्विच. कंपनी काढली होती विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी, आणि कंपनीचं नाव होतं कल्पना, भारद्वाजांच्या पत्नीचं. ऑफिसांच्या भिंतीमागे दडलेल्या या यंत्राच्या वंशावळीत अगदी वरच्या ओळीत आपल्याकडच्या घराघरांतलं नाव आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली. त्याच्या आदल्या वर्षी सिस्कोने क्रेसेंडो ही स्विचची कंपनी घेतली होती. सिस्कोची ती पहिलीच खरेदी, आणि कॅटॅलिस्ट हे स्विचचं घराणं तिच्यातून निघालं.

सिस्को स्वतः राउटर बनवणारी. डिसेंबर १९८४ मध्ये लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या स्टॅनफर्डच्या जोडप्याने ती काढली. तिच्या सुरुवातीच्या डब्यांमागे स्टॅनफर्डमधल्याच विल्यम येगर यांचं सॉफ्टवेअर आणि अँडी बेख्टोल्शाइम यांनी आखलेला सर्किट बोर्ड होता. दुसरं नाव लक्षात ठेवावं, ते पुन्हा येणार आहे.

त्या काळी सिस्कोचं सॉफ्टवेअर ईप्रॉम चिपवर येत असे. नवी आवृत्ती हवी तर पाकिटातून चिपचा संच यायचा. डबा बंद करायचा, झाकण उघडायचं, जुन्या चिप चिमट्याने उपटायच्या आणि नव्या क्रमाने दाबायच्या. एखादा पाय वाकला किंवा दोन चिपची अदलाबदल झाली की डबा ढिम्म. या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असे. अतिनील प्रकाशात काही मिनिटं ठेवली की मजकूर पुसला जाई, म्हणून एरवी त्या खिडकीवर कागदी लेबल चिकटवलेलं असे. लेबलावर आवृत्तीचा नंबर. जुनी चिप कोणी फेकून देत नसे. नवी चालली नाही तर? ती डब्यात जपून ठेवलेली असायची. ‘जुनी इमेज पुसायची नाही’ या नियमाचं पहिलं रूप हे.

चिप उपटण्याचा उद्योग फ्लॅश मेमरीने संपवला. जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी तिचा शोध लावला आणि १९८४ मध्ये तो जगापुढे मांडला. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसा मेमरीचा अख्खा तुकडा एका झटक्यात पुसला जातो, म्हणून एका सहकाऱ्याने सुचवलेलं हे नाव. झटक्यात पुसलं जाणं हीच तिची खोडही. त्यातून नवा पेच तयार झाला. स्वस्त स्विचमध्ये फ्लॅश मोजून मापून दिलेली असे. कॅटॅलिस्ट २९५० मध्ये होती आठ मेगाबाइट. जुनी इमेज, ब्राउझरमधून बघायच्या पानांच्या फायली आणि वर नवी इमेज एवढं सगळं त्यात कधी मावायचं, कधी नाही. मग आधी जुनी पुसायची आणि मग नवी आणायची.

ही मधली काही मिनिटं खरी जिवावरची. स्विच चालू असतो, कारण सॉफ्टवेअर फ्लॅशमधून उलगडून रॅममध्ये गेलेलं असतं. पण फ्लॅश रिकामी. बसल्या फांदीवर घाव घालून झालाय आणि नुसत्या सवयीने हवेत बसून राहिलोय, अशी ती अवस्था. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर परत उठायला काहीच शिल्लक नाही. यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय अपग्रेडला बसायचं नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

सॉफ्टवेअर कुठून चालतं हे इमेजच्या नावातच लिहिलेलं असे. ही नावं बाहेरच्या माणसाला मंत्रासारखी वाटतात : सी२९६०-लॅनबेसके९-एमझेड. पहिला तुकडा यंत्राचा. मधला सोयींचा : काय काय चालेल. ‘एम’ म्हणजे रॅममधून चालतं, ‘झेड’ म्हणजे दाबून बसवलंय. आणि त्या ‘के९’मध्ये अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आहे. मजबूत सांकेतिकीकरण नव्वदच्या दशकात बराच काळ तिकडच्या कायद्याने शस्त्रास्त्रांच्या यादीत बसत होतं आणि जानेवारी २००० मध्ये निर्बंध पुष्कळ सैल झाले. पण ते असलेली इमेज आणि नसलेली इमेज अशी दोन पिल्लं पुढेही राहिली. एसएसएच हवं असेल तर ‘के९’ घ्यायची आणि डाउनलोडपूर्वी अटी मान्य करायच्या. घाईत साधी इमेज टाकणाऱ्याला रिलोडनंतर कळायचं की दूरवरून शिरायचा सुरक्षित दरवाजाच आता उरलेला नाही.

आता फाइल स्विचपर्यंत न्यायची. त्याचं वाहन टीएफटीपी. एमआयटीत घडलेला हा प्रोटोकॉल १९८१ मध्ये कॅरन सॉलिन्स यांनी शब्दबद्ध केला आणि तो मुद्दामच एवढासा ठेवला होता, कारण त्याला एका रॉम चिपमध्ये मावायचं होतं. नाव नाही, पासवर्ड नाही. ५१२ बाइटचा एक घास द्यायचा, ‘पोचला’ म्हणून उत्तराची वाट बघायची, मग पुढचा घास. आजीने नातवाला भरवावं तसं. स्विचच्या पडद्यावर दर दहा पाकिटांमागे एक उद्गारचिन्ह उमटतं आणि ओळी भरत जातात. नेटवर्क इंजिनिअरला उद्गारचिन्हांची ही रांग जेवढी सुंदर वाटते तेवढी क्वचितच दुसरी कोणती गोष्ट वाटत असेल. मध्येच टिंब दिसलं की पोटात गोळा : एक पाकीट हरवलं.

घासांना नंबर द्यायला सोळाच बिट होते. म्हणजे ६५,५३५ घास, म्हणजे सुमारे ३२ मेगाबाइट. १९८१ मध्ये एवढी मोठी फाइल कोण कशाला पाठवणार? पंचवीसेक वर्षांनी मोठ्या स्विचच्या इमेज त्या रेषेपलीकडे गेल्या आणि तासभर नीट चाललेली कॉपी शेवटाला येऊन मान टाकू लागली. काही टीएफटीपी सर्व्हरांची मजल तर सोळा मेगाबाइटपर्यंतच होती. मोठ्या घासाची सोय १९९८ मध्येच झाली होती, पण सर्व्हर आणि स्विच दोघांनाही ती माहीत असायला हवी ना. शिवाय पोचलेली फाइल अखेरपर्यंत खरी आहे का, हे टीएफटीपी सांगत नाही. म्हणून फाइलच्या ठशाची, म्हणजे एमडी५ची, बत्तीस अक्षरं डाउनलोडच्या पानावरच्या अक्षरांशी ताडून बघायची. पहिली चार आणि शेवटची चार जुळली की ‘झालं’ म्हणणारे बहाद्दर असतात. उरलेली चोवीस ते देवावर सोडतात.

आणि सगळंच फसलं तर निळी केबल. स्विचची वीज काढायची, पुढचं मोड बटण दाबून धरायचं, दाबलेल्या बोटानेच वीज परत द्यायची. पडद्यावर नेहमीच्या नावाऐवजी नुसतं ‘स्विच :’ असं उमटतं. यंत्राला स्वतःचं नावही आठवत नाही. इथून इमेज चढवायची तर साधन एक्समोडेम, शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये घरगुती कॉम्प्युटरांसाठी लिहिलेलं. त्याचा घास आणखी लहान, १२८ बाइटचा. कन्सोलचा, म्हणजे निळी केबल लागते त्या दाराचा, ठरलेला वेग सेकंदाला ९६०० बिट. आठ मेगाबाइटच्या इमेजला कागदावरच्या हिशेबाने जवळजवळ अडीच तास, प्रत्यक्षात जास्तच. वेग वाढवून १,१५,२०० करता येतो हे ज्याला माहीत तो अर्ध्या तासात सुटायचा. ज्याला माहीत नाही त्याच्या ऑफिसात सकाळची माणसं येऊ लागायची. या एका भीतीपोटी निळी केबल बॅगेत राहिली, आणि ज्या लॅपटॉपना ती लावायचं नऊ पिनांचं तोंडच उरलं नाही त्यांच्यासाठी यूएसबीचं कन्व्हर्टरही तिच्याबरोबर फिरू लागलं.

हे सगळं करायचं ते एक ओळ बदलायला. कारण सिस्कोचं आयओएस हे सॉफ्टवेअर होतं एकसंध. एकच मोठी फाइल, सगळी कामं एकाच सामायिक मेमरीत, मध्ये भिंती नाहीत. वाड्यातली एक कडी बदलायची तर अख्खा वाडा पाडून नवा उभा करायचा, असा प्रकार. कॅटॅलिस्टची कथा आणखी गुंतागुंतीची. क्रेसेंडोकडून तिच्यात वेगळीच प्रणाली आली होती, तिचे हुकूम ‘सेट’ या शब्दाने सुरू होत. १९९९ मध्ये आलेल्या कॅटॅलिस्ट ६५०० च्या एकाच सांगाड्यात बराच काळ दोन प्रणाली नांदल्या : पाकिटं ढकलणारी कॅटओएस, मार्ग ठरवणारी आयओएस. दोन सुना, एक चूल. एकीचं अपग्रेड करायचं तर दुसरीला ते चालतंय का बघायचं. दोघींच्या जागी एकच आयओएस आणायचं काम ज्यांनी केलं ते लोक त्या रात्रीबद्दल अजून सांगतात, आणि दर वेळी थोडं वाढवून.

अपग्रेड ही आपल्या सोयीने करायची गोष्ट आहे, हा समज जुलै २००३ मध्ये मोडला. आयओएसमध्ये एक दोष निघाला. ५३, ५५, ७७ आणि १०३ या क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रोटोकॉल क्रमांकांची पाकिटं विशिष्ट तऱ्हेने पाठवली की यंत्राचं दार तुंबून बंद व्हायचं. बातमी जाहीर व्हायच्या आधीच मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी रातोरात आपली यंत्रं बदलायला घेतली. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ हे नेटवर्कवाल्यांचं आवडतं तत्त्व, आणि खरं तर बरंच शहाणपणाचं. पण आता हात न लावणंही धोक्याचं झालं. मार्च २०१७ मध्ये विकिलीक्सने अमेरिकी गुप्तचर संस्थेची कागदपत्रं फोडली आणि त्यातून सिस्कोला स्वतःच्याच ३०० हून अधिक स्विच मॉडेलांमधलं भगदाड सापडलं. दुरुस्त इमेज यायला पुढचे दोन महिने लागले. तोवर उपाय एकच : टेलनेट हा दूरवरून शिरायचा जुना दरवाजा बंद करा.

सगळ्यात कडू विनोद २०१८ चा. शेकडो स्विचना एकेक करून इमेज भरवण्याचा त्रास वाचावा म्हणून सिस्कोने स्मार्ट इन्स्टॉल नावाची सोय दिली होती. नवा स्विच खोक्यातून काढून नुसता जोडायचा, इमेज आणि सेटिंग तो आपली आपण मागून घेई. मागताना मात्र देणाऱ्याची ओळख तो विचारत नसे. ही सोय अनेक स्विचवर आपोआप चालू असायची आणि कित्येकांच्या मालकांना तिचं नावही ठाऊक नव्हतं. ६ एप्रिल २०१८ रोजी कोणीतरी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या अशा स्विचना गाठलं, त्यांची सेटिंग पुसली आणि जागी टंकाक्षरांनी काढलेला अमेरिकेचा झेंडा ठेवला, खाली आमच्या निवडणुकांत लुडबुड करू नका अशी तंबी. रशियात आणि इराणमध्ये फटका बसला. एकट्या इराणने आपले साडेतीन हजार स्विच सापडल्याचं सांगितलं. अपग्रेड सोपं करण्यासाठी पाडलेलं दार, आणि चोर आला तो त्याच दाराने.

एकसंध वाड्याला उत्तरं शोधणं आधीच सुरू झालं होतं. जुनिपरने १९९८ मध्ये फ्रीबीएसडीवर बेतलेलं जुनॉस आणलं. २००४ मध्ये डेव्हिड चेरिटन, केन ड्युडा आणि अँडी बेख्टोल्शाइम यांनी एक कंपनी काढली, तीच पुढे अरिस्टा झाली. सिस्कोच्या पहिल्या डब्यातल्या बोर्डाचे हेच ते बेख्टोल्शाइम. त्यांच्या स्विचमध्ये लिनक्स होतं, प्रत्येक काम वेगळ्या खोलीत, आणि एक खोली बंद करून परत उघडता येत होती. सिस्कोही लिनक्सवर गेली. जोडीने सुपरवायझर असलेल्या मोठ्या स्विचना चालता चालता अपग्रेड करायची सोय आली. एकावर नवं चढवायचं, सूत्रं त्याच्याकडे द्यायची, मग दुसऱ्यावर. नव्या काही कॅटॅलिस्टमध्ये तर पाकिटं थांबण्याचा काळ अर्ध्या मिनिटाच्या आत आणलाय. इमेज मात्र फुगत फुगत गीगाबाइटच्या आसपास गेली. सकासुनाच्या पत्र्यांची त्यात हजारावर कपाटं मावतील.

तरीही वेळ मध्यरात्रीचीच. ती आपल्या मध्यरात्रीची असेलच असं नाही, एवढाच फरक. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी पहाटेचे दोन म्हणजे पुण्यात थंडीच्या दिवसांत दुपारचे साडेबारा. तिकडच्या बँकेचा स्विच इथून रिलोड करणाऱ्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं आणि घरचे ‘अजून तुझं ते वर आलं नाही का’ विचारून दमलेले असतात. केबल लावायला तिथे त्याचे हात नाहीत. म्हणून जुने लोक धोक्याचं सेटिंग बदलायच्या आधी ‘रिलोड इन १०’ असा हुकूम देऊन ठेवत. आपणच आपला रस्ता तोडून बसलो तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः उठेल, जपून ठेवलेल्या सेटिंगवर जाईल आणि दार पुन्हा उघडेल. सगळं ठीक झालं की हुकूम मागे घ्यायचा, आणि तो मागे घ्यायला विसरायचं नाही.

ही युक्ती आता यंत्रातच बसवली आहे. सिस्कोच्या नव्या आयओएस एक्सई या सॉफ्टवेअरमध्ये अपग्रेडचे तीन शब्द आहेत : ॲड, ॲक्टिव्हेट, कमिट. ॲक्टिव्हेट म्हटलं की स्विच नव्या आवृत्तीवर उठतो आणि मनातल्या मनात घड्याळ लावतो. ठरलेली मुदत दोन तास. तेवढ्यात माणसाने कमिट म्हटलं नाही, तर माणूस बाहेर अडकला असावा असं धरून तो जुन्या आवृत्तीवर परत जातो. बरेच जण तिन्ही शब्द एकाच ओळीत ठोकून मोकळे होतात. हिंजवडीतला आपला इंजिनिअर तसं करत नाही.

एक वाजून बेचाळीस मिनिटांनी पिंगची ओळ बदलते : रिप्लाय फ्रॉम. तो लगेच हलत नाही. ‘शो व्हर्जन’ बघतो. अपग्रेडच्या आधी काढून ठेवलेली पोर्टांची यादी आणि आताची यादी शेजारी लावून वरून खाली बोट फिरवतो. एक पोर्ट कमी भरतं. मग आठवतं, तो प्रिंटर रात्री बंदच असतो. कॅमेरे एकेक करून पडद्यावर परततात, पार्किंगमधला सगळ्यात शेवटी. उरतो खालचा फोन. इंजिनिअर सर्व्हर रूममधल्या फोनवरून चार आकडी नंबर फिरवतो. चार रिंग होतात.

‘हॅलो?’

‘मामा, कॅमेरे आले ना?’

‘आले साहेब.’

मग कमिट.